आधी देणे, मग दान



संतसज्जनहो, अलीकडे आपल्या संप्रदायात एक शब्द फार स्वस्त झाला आहे. ‘अन्नदाता’. कोणत्याही सप्ताहाच्या मांडवात जा, पांडुरंगाच्या तसबिरीपेक्षा मोठा फलक अन्नदात्यांचा दिसेल. फोटो, हात जोडलेले, खाली नाव आणि नावाखाली पद. वास्तविक आपल्याकडे अन्नदाता म्हणावे असे दोघेच. एक पावसाच्या रूपाने येणारा परमात्मा आणि दुसरा नांगराच्या मागे चालणारा कुणबी. ज्याने एका दुपारच्या पंगतीचे तांदूळ, डाळ, साखर आणि तेल यांचे वाण्याचे बिल भरले, तो अन्नदाता कसा होईल? पूर्वी अशा वेळी चोपदार उभा राहून ‘आजची पंगत अमक्यांकडून’ एवढेच सांगत असे. त्यात पंगत देणाऱ्याचाही मान राहत होता आणि जेवणाऱ्याचाही.

कोणी म्हणेल, महाराज, शब्दाला काय धरून बसलात? पण शब्द बिघडतो त्याच्या कितीतरी आधी समजूत बिघडलेली असते. ही समजूत कोठे बिघडली ते पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच. यात काही जणांना झोंबेल असे येणार आहे. मी पन्नास वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो, आता गुडघे चालत नाहीत म्हणून घरी बसलो आहे. मला आता कोणाच्या आमंत्रणाची वाट पाहायची नाही, तेव्हा स्पष्ट लिहायला हरकत नाही.

दान म्हणजे काय, हे माउलींनी ज्ञानेश्वरीत एकदा नव्हे, दोनदा सांगितले आहे. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना एकदा, आणि सतराव्यात दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार करताना पुन्हा. आपण कीर्तनकार मंडळी सतरावा अध्याय फार सांगतो, कारण त्यात भेद आहेत आणि भेद सांगायला सोपे असतात. सोळाव्यातली व्याख्या मात्र पुढे ढकलतो. तेथे माउलींनी वाटेवरच्या झाडाचा दृष्टांत दिला आहे. येणाऱ्याला ते पान, फूल, सावली, फळ, मूळ यांतले काही द्यायचे चुकवीत नाही. मग ते म्हणतात की तसेच मनापासून धनापर्यंत आपल्याजवळ जे असेल ते, प्रसंग आला असता, थकलेल्याला बरे वाटेल अशा रीतीने उपयोगी पडणे, याचे नाव दान.

यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक तर क्रम. माउलींनी धनापासून सुरुवात केलेली नाही, मनापासून केली आहे. धन हे त्या यादीच्या शेवटच्या टोकाला आहे. आपण नेमकी यादी उलटी धरली. ज्याच्याजवळ धन आहे तोच दाता आणि ज्याच्याजवळ फक्त मन आहे तो वाढपी! दुसरी गोष्ट अशी की झाडाखाली बसायला येणाऱ्याला झाड काही विचारीत नाही. तुमची दिंडी नोंदणीकृत आहे का, तुम्ही कोणत्या गावचे, आमच्या साहेबांना ओळखता का, असे प्रश्न वडाला पडत नाहीत.

आता राजस दान. सतराव्यात माउलींनी एकामागून एक दृष्टांतांची रास ओतली आहे. दुभत्यावर डोळा ठेवून गाईपुढे चारा टाकणारा. धान्याचे पेव आधी तयार ठेवून मग पेरायला निघणारा. येणारा आहेर डोळ्यांसमोर धरून सोयऱ्यांना आवतण देणारा. व्याज पदराला बांधून घेऊन मग दुसऱ्याची नड भागविणारा. मोबदला हातात पडल्यावर रोग्याला औषध देणारा. सातशे वर्षांपूर्वीचे हे दृष्टांत. यात फक्त निवडणुकीच्या आधी तीन महिने वारकऱ्यांना रेनकोट वाटणारा राहिला आहे, कारण तेव्हा निवडणुका नव्हत्या. पण बाकीचा सगळा माणूस तोच आहे.

येथे पूर्वपक्ष असा येतो. हेतू कसाही असो, भुकेल्याचे पोट तर भरले ना? पावसात भिजणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर रेनकोट तर आला ना? त्यावर कोणाचे चित्र छापले आहे याच्याशी त्या म्हाताऱ्याला काय करायचे आहे?

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. भुकेल्याने अन्न नाकारावे असे मी कधीही म्हणणार नाही. अन्न हे पूर्णब्रह्म, ते कोणाच्याही हातून आले तरी पानावर टाकू नये. घेणाऱ्याला मी दोष देतच नाही. माझे म्हणणे देणाऱ्याविषयी आहे, आणि त्याहून अधिक आपल्याविषयी, म्हणजे ज्यांच्या तोंडातून त्या देणाऱ्याची स्तुती बाहेर पडते त्यांच्याविषयी. ज्याने रेनकोट वाटला त्याने व्यवहार केला. व्यवहार करायला कोणाची ना नाही. त्या व्यवहाराला दान म्हणून आपल्या व्यासपीठावरून शिक्का मारून द्यायचे काम मात्र आपण का करावे? सोनाराने पितळेवर सोन्याचा शिक्का मारला तर पितळ विकणाऱ्यापेक्षा सोनार अधिक दोषी.

दुसरा पूर्वपक्ष थोडा चतुर आहे. नाव लावले की इतरांना प्रेरणा मिळते, म्हणून फलक हवेत. मी पाहिले आहे, प्रेरणा मिळते खरी. पुढच्या वर्षी शेजारचा त्याहून मोठा फलक लावतो. पंगतीत एक पक्वान्न वाढते. जेवणारे तेच, त्यांच्या पोटाचा आकारही तोच, म्हणून उरलेली बुंदी मांडवामागच्या खड्ड्यात जाते. ही प्रेरणा ज्याला हवी त्याने घ्यावी.

एका तालुक्याच्या गावी सप्ताहात सहाव्या दिवशी माझी सेवा होती. अभंगाचे चौथे चरण चालू होते, मृदंग रंगात आला होता. एवढ्यात पाहुणे आले म्हणून माइक मागून घेतला गेला. शाल, श्रीफळ, हार, दोन भाषणे. पस्तीस मिनिटे विणेकरी वीणा गळ्यात धरून उभा. वीणा खाली ठेवायची नाही हा दंडक, म्हणून तो बिचारा उभाच राहिला. पाहुण्यांनी पंगतीसाठी किती रक्कम दिली ते तीन वेळा सांगण्यात आले. त्या विणेकऱ्याने सात दिवस आळीपाळीने रात्रीचे दोन-दोन प्रहर पहारा दिला होता, त्याचे नाव एकदाही कोणी घेतले नाही. मनापासून धनापर्यंत या यादीत तो विणेकरी पहिल्या टोकाला उभा होता आणि पाहुणे शेवटच्या.

आपल्या गादीचेही येथेच बोलले पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील महाराज दुसऱ्यांचेच काढतात. जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आपल्या जनावरालाही वैरण मागू नये, असा तुकोबारायांचा दंडक आहे. शेवटी तर त्यांनी द्रव्य घेणारा आणि देणारा या दोघांनाही एकच गती सांगितली आहे. हा अभंग प्रत्येक कीर्तनकाराला पाठ असतो आणि कीर्तनाला मात्र कोणी घेत नाही. आमच्या उमेदीत एस.टी.चे भाडे आणि नारळ मिळे. यात आमचा मोठेपणा नव्हता, तेव्हा पद्धतच ती होती. आता आकडे आधी ठरतात, आणि आकडे मोठे म्हणून यजमान मोठा लागतो, यजमान मोठा म्हणून फलक मोठा. ही साखळी कोठून सुरू होते हे मी तरुण कीर्तनकारांना सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

दामाजीपंतांची कथा आपण सगळेच सांगतो. मंगळवेढ्याचे ठाणेदार, बेदरच्या बादशहाचे चाकर. दुष्काळ पडला, माणसे झाडपाला खाऊ लागली, तेव्हा पंतांनी सरकारी अंबारे उघडून दिली. पुढे बोलावणे आले, आणि पांडुरंगाने विठू महाराच्या वेषात जाऊन धान्याचे मोल भरले व पावती घेतली. कथा रंगते, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते. त्या कथेवर कितीदा तरी अन्नदानाचे आवाहन होते आणि वर्गणीची पुस्तके फिरतात.

पण दामाजींनी काय दिले, याचा विचार करा. ते धान्य त्यांचे नव्हते. कागदोपत्री ते बादशहाचे होते, आणि खरे पाहिले तर ते ज्या रयतेच्या खळ्यावरून उचलून आणले होते तिचे होते. पंतांनी भुकेल्यांना दान दिलेच नाही. त्यांनी ज्याचे त्याला परत केले. आपल्या पदरचे त्यांनी घातले ते एवढेच की आपली मान पुढे केली. म्हणून ती कथा मोठी. ज्याची मानच काय, एक पद किंवा एक ठेकाही धोक्यात येत नाही, त्याने दामाजींचे नाव आपल्या फलकावर घालू नये.

आणि त्याच मंगळवेढ्यात दुसरी एक गोष्ट घडली, ती आपण क्वचित सांगतो. गावकुसाचे काम चालू होते. त्यावर चोखोबा राबत होते. कूस कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गेले. पुढे नामदेवरायांनी येऊन, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम उमटत होते त्या ओळखल्या आणि पंढरीला आणून महाद्वारात समाधी दिली. आम्ही सांगतो ते अस्थींतल्या नामाविषयी. ते सांगायलाच हवे. पण चोखोबा त्या भिंतीखाली का होते? ते तेथे भजनाला गेले नव्हते, कामाला गेले होते. गावाला कूस हवे आणि कूस बांधणारा गावाबाहेर, असा तो न्याय. त्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या बाकीच्या मजुरांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

एकाच गावात धान्याचे कोठार आणि कोसळलेले कूस. आपण कोठाराची कथा धरली, कारण ती ऐकून कोठारवाल्याला बरे वाटते. कुसाची कथा सांगायची म्हटली तर विचारावे लागते की बाबा, तुझे कूस कोण बांधतो आणि त्याचे तू काय देतोस?

तुकोबारायांचेही तसेच. थोरल्या दुष्काळात त्यांच्या घरात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. घरात महाजनकी, सावकारी. भावाच्या वाटणीची खते त्याला देऊन आपल्या वाटणीची त्यांनी इंद्रायणीत सोडली. याला आपण वैराग्य म्हणतो, ते आहेच. पण कुळाच्या बाजूने पाहा. देहूच्या आसपासच्या ज्या शेतकऱ्याचे नाव त्या कागदावर होते, त्याला तुकोबांनी एक पसा धान्यही दिले नाही, आणि तरी त्याला जन्मभर पुरेल एवढे दिले. त्याच्या मानेवरचे जू काढून घेतले. ‘तुला मी दिले’ असे म्हणण्याची जागाच ठेवली नाही, कारण कागद पाण्यात गेला होता. तुकोबांच्या नावाने अन्नदान करणारे पुष्कळ भेटतात, तुकोबांच्या नावाने खत बुडविणारा मला पन्नास वर्षांत दोनदाच भेटला. त्या दोघांनीही मला नाव सांगू नका म्हणून बजावले होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, आणि ते मी गादीवरूनही सांगत असे. मराठीत ‘देणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक हात पुढे करून द्यावयाचे ते देणे, आणि दुसरे अंगावर थकलेले देणे. दुसरे फेडल्याशिवाय पहिले सुरूच होत नाही. सालगड्याचे साल संपले, पाडवा उलटला, तरी हिशेब होत नाही. कापूस वेचणाऱ्या बायांची वेचणी ‘माल विकल्यावर बघू’ म्हणून राहते. ऊसतोडीच्या टोळीची उचल कधी फिटते आणि कधी वाढते हे टोळीला शेवटपर्यंत कळत नाही. वाटणीत बहिणीने सही केली, तिला साडी-चोळी मिळाली आणि जमीन भावाला. अशा घरातून हजार पानांची पंगत उठली तर ती कोणाच्या पैशांची? ज्या बाईची वेचणी थकली आहे तीच त्या पंगतीत पदर सावरून जेवायला बसते आणि जाताना मालकाच्या पाया पडते. तिच्याच घामाचे अन्न तिला प्रसाद म्हणून वाढले आणि वर नमस्कार घेतला! याला सात्त्विक, राजस, तामस यांपैकी कोणत्या कप्प्यात घालायचे? मला विचाराल तर हे दानाच्या अध्यायातच येत नाही. हे चौर्यात येते.

एका गावी काल्याच्या कीर्तनात मी एवढेच म्हणालो होतो की, ज्याच्याकडे मजुराचे पैसे अडकले आहेत त्याने घरी जाऊन आधी ते देऊन यावे, आम्ही दहीहंडी अर्धा तास थांबवितो. मांडवात शांतता झाली. मागून एक म्हातारी मोठ्याने हसली. पुढच्या वर्षी त्या गावाने दुसरे महाराज बोलाविले. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, गाव त्यांचे, सप्ताह त्यांचा. मात्र दोन गडी त्या रात्री आपापले पैसे घेऊन मला बसस्थानकावर सोडायला आले होते.

कोणी विचारील, मग वाटेवर वारकऱ्याला पाणी देणारे, भाकरी देणारे सगळेच ढोंगी का? नाही हो. वारीच्या वाटेवर जेवढे निर्मळ दान होते तेवढे पृथ्वीवर क्वचित कोठे होत असेल. दिवेघाट चढून आलेल्याला सासवडकरांनी विचारावे, वाल्ह्या-लोणंदच्या पुढे शेतकऱ्याच्या बायकोने रात्रभर बसून भाकरी थापाव्यात, पिठले करावे, आणि सकाळी दिंडी पुढे गेली की तिला ठाऊकही नसावे की आपल्या घरी कोण जेवून गेले. मुक्कामावर चांभार चपला शिवून देतो आणि पैसे पुढे केले तर तोंड फिरवतो. न्हावी दाढी करून देतो. कोणी तेलाची वाटी घेऊन म्हाताऱ्यांच्या पोटऱ्या चोळत बसतो. यांच्यापाशी धन नाही, हात आहेत आणि हातातला धंदा आहे. थकलेल्याला बरे वाटेल असे उपयोगी पडणे, हे माउलींचे शब्दशः पाळणारे हे लोक. माउलींच्या पालखीसोबत हैबतबाबांनी लष्करी शिस्तीचा सोहळा घातला तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले, आणि ते घोडे पिढ्यान् पिढ्या अंकलीहून आळंदीला येत आहेत. देणे असे असावे, एकदा अंगावर घेतले की पिढी बदलली तरी मोडायचे नाही. यंदा दिले, छायाचित्र निघाले, पुढच्या वर्षी दुसरीकडे, असे नव्हे.

एकनाथमहाराजांनी रामेश्वराला न्यावयाची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली. गाढव काही उलट देऊ शकत नाही, आभारही मानू शकत नाही. गीतेत सात्त्विक दानाच्या पात्राला जी ‘अनुपकारी’ अशी खूण सांगितली आहे, म्हणजे ज्याच्याकडून परतफेड संभवत नाही, तिचा एवढा बिनतोड अर्थ कोणत्याही टीकाकाराने लिहिला नसेल.

आता वारीत कशाची वाण आहे ते पाहा. बिस्किटांच्या पुड्यांची नाही, पाण्याच्या बाटल्यांची नाही. एका कोसात दहा ठिकाणी तेच हातात कोंबतात आणि पुढच्या कोसात रस्त्याच्या कडेला त्या बाटल्यांचा बांध झालेला असतो. वाण आहे ती बायांना आडोशाची. लाखांनी माणूस एका गावात रात्री उतरते. अलीकडे फिरती शौचालये आली, पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे झाले, पण ती धुवायची कोणी? पाणी कोणी भरायचे? पहाटे पालखी हलल्यावर ते गाव कोणी झाडायचे? या दानाला दाते मिळत नाहीत, कारण तेथे फलक लावता येत नाही. लावा म्हणावे तेथे फोटो, मी स्वतः हार घालायला येईन.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) पंढरीला येत ते खराटा घेऊन. मंदिराच्या रांगेत ते कधी उभे राहिले नाहीत, वाळवंट झाडीत राहिले. लोकांकडून पैसा जमवून त्यांनी नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः फुटक्या गाडग्यात भाकरी खाल्ली. पंढरपुरातली एक धर्मशाळा चोखामेळ्याच्या नावाने बांधली, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली. ज्या चोखोबांना देवळात जागा नव्हती त्यांच्या नावाने पंढरीत घर, आणि त्या घरातून मुलांचे शिक्षण. कुसाखाली गेलेल्यांचे थकलेले देणे कोणी फेडायला घेतले असेल तर त्यांनी. त्याला त्यांनी दान म्हटले नाही.

येत्या आषाढीसाठी आमच्या दिंडीच्या चालकांना मी पत्र लिहिले आहे. मजकूर थोडका आहे. ट्रकवाल्याचे भाडे, आचाऱ्याची मजुरी आणि भाकरी थापायला येणाऱ्या सात बायांचे पैसे वाखरीच्या मुक्कामाच्या आधी चुकते करावेत, द्वादशीवर टाकू नयेत. मुक्कामाची जागा सोडताना प्रत्येकाने आपल्या राहुटीखालची जागा झाडावी, चालकांनी पहिला खराटा घ्यावा. कोणी पंगत देतो म्हणाला तर आनंदाने घ्यावी, चोपदाराने एकदा नाव सांगावे, माइक देऊ नये. इतके करून भिशीत काही शिल्लक राहिली, तर अन्नदानाचे पुढच्या वर्षी पाहू.